हाना सेनेश : मायभूमीच्या तुरुंगातील परदेशी सैनिक

७ नोव्हेंबर १९४४ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील लष्करी तुरुंगाच्या आवारात २३ वर्षांच्या एका तरुणीला गोळ्या घालून ठार करण्यात आले. ती याच शहरात जन्मली, वाढली आणि शिकली होती. परंतु पकडली गेली तेव्हा ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत सैनिक म्हणून नोंदलेली होती. पाच वर्षांपूर्वी देश सोडून गेलेली ही मुलगी शत्रुसैन्याची सैनिक म्हणून परतली आणि जन्मभूमीशी द्रोह केल्याच्या आरोपाखाली तिच्यावर खटला चालवण्यात आला. हाना सेनेश हे तिचे नाव. मराठी वाचकांना ॲन फ्रँक परिचित आहे. तिच्याप्रमाणेच दैनंदिनी लिहिणाऱ्या, पण हाती शस्त्र घेतलेल्या हानाची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही.

दुसऱ्या महायुद्धात अनेक स्थलांतरितांनी आश्रय दिलेल्या देशाच्या सैन्यात नाव नोंदवून मूळ देशावरील सत्तेविरुद्ध लढा दिला. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, नॉर्वे, फ्रान्स अशा देशांतून निसटलेले हजारो तरुण ब्रिटनच्या बाजूने उभे राहिले. युद्धात पकडला गेलेला सामान्य सैनिक युद्धकैदी ठरे. मूळ देशाच्या हाती सापडलेल्या स्थलांतरित सैनिकाची स्थिती याहून अवघड असे. पकडणाऱ्यांच्या दृष्टीने तो घरभेदी असे आणि घरभेद्याला सैनिकाचे संरक्षण द्यायला कोणी तयार नसे. हानाच्या आयुष्याचे अखेरचे पाच महिने याच कोंडीत गेले.

बुडापेस्टमधील बालपण

हानाचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी बुडापेस्टमधील सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. तिचे वडील बेला सेनेश हे हंगेरीतील लोकप्रिय नाटककार आणि पत्रकार होते. हाना सहा वर्षांची असताना, १९२७ मध्ये, त्यांचे निधन झाले. आई कातालिन यांनी हाना आणि तिच्याहून वर्षभराने मोठा असलेला भाऊ या दोघांना वाढवले. घरात धार्मिक आचारांपेक्षा साहित्य, नाटक आणि संगीत यांचे वातावरण अधिक होते. हंगेरियन भाषेवर या घराचे मनापासून प्रेम होते आणि आपण हंगेरियन आहोत याविषयी त्यांना शंका नव्हती. वयाच्या १३ व्या वर्षापासून हाना नियमितपणे दैनंदिनी लिहू लागली.

तिला एका नामांकित प्रोटेस्टंट शाळेत प्रवेश मिळाला. तेथे कॅथलिक विद्यार्थिनींना दुप्पट, तर ज्यू विद्यार्थिनींना तिप्पट शुल्क भरावे लागे. हानाची गुणवत्ता पाहून शाळेने तिच्या शुल्कात सवलत दिली. १९३७ मध्ये शाळेच्या साहित्य मंडळात तिची पदाधिकारी म्हणून निवड झाली. ज्यू मुलीला हे पद भूषवता येणार नाही, असे कारण देऊन ती निवड नाकारण्यात आली. वरवर ही किरकोळ शालेय घटना होती. परंतु आपण आणि आपला देश यांच्यातील नाते एकतर्फी तर नाही ना, हा प्रश्न हानाच्या मनात त्यानंतर घर करून राहिला.

देशाची दिशाही त्याच वेळी बदलत होती. विद्यापीठांतील ज्यूंचे प्रमाण मर्यादित करणारा कायदा हंगेरीने १९२० मध्येच केला होता. १९३८ मध्ये व्यवसाय आणि नोकऱ्यांतील ज्यूंचा वाटा २० टक्क्यांवर आणला गेला. १९३९ च्या कायद्याने तो आणखी खाली, ६ टक्क्यांवर आला आणि ज्यू कोण हे ठरवताना धर्माऐवजी वंश पाहिला जाऊ लागला. भाऊ उच्च शिक्षणासाठी फ्रान्सला गेला. ऑक्टोबर १९३८ मध्ये हानाने आपण झायनवादी झाल्याची नोंद दैनंदिनीत केली. ज्यूंची स्वतंत्र भूमी पॅलेस्टाइनमध्ये उभी राहावी, असे मानणारा हा विचार होता. ती हिब्रू शिकू लागली. नाटककाराच्या या हुशार मुलीने विद्यापीठाऐवजी शेतकी शाळेत जाण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आईला तो सहज पटला नाही.

शेतकी शाळा आणि कपडे धुण्याची खोली

पॅलेस्टाइन त्या वेळी ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली होते. स्थानिक अरबांच्या विरोधाची दखल घेऊन ब्रिटिश सरकारने मे १९३९ मध्ये श्वेतपत्रिका काढली आणि पुढील पाच वर्षांत एकूण ७५,००० ज्यूंनाच प्रवेश देण्याची मर्यादा घातली. त्यामुळे प्रवेशपत्राला सोन्याचे मोल आले होते. नहलाल येथील मुलींच्या शेतकी शाळेने प्रवेश दिल्यामुळे हानाला ते मिळाले. सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध पेटून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ती पॅलेस्टाइनला पोहोचली. तिचे वय १८ वर्षांचे होते. आई बुडापेस्टमध्येच राहिली.

नहलालमध्ये दोन वर्षे तिने गोठा, कुक्कुटपालन आणि शेतीची कामे शिकून घेतली. १९४१ मध्ये ती भूमध्य समुद्राच्या काठी, प्राचीन कायसारिया नगरीच्या अवशेषांजवळ वसलेल्या स्दोत याम या सामुदायिक वसाहतीत दाखल झाली. अशा वसाहतीला किबुत्झ म्हणतात. तेथे तिच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची खोली आली. वसाहतीच्या आदर्शावर तिची श्रद्धा होती, पण दिवसभर मोजे आणि सदरे धुताना आपल्या शक्तीचा हा योग्य उपयोग आहे का, असा प्रश्नही तिला छळत असे. दैनंदिनीत हा संघर्ष तिने आडपडदा न ठेवता मांडला आहे. याच काळात ती हिब्रूतून कविता लिहू लागली. कायसारियाच्या किनाऱ्यावर १९४२ मध्ये लिहिलेली तिची एक छोटी कविता पुढे संगीतबद्ध झाली. आज इस्रायलमधील स्मरण समारंभांत ती गायली जाते.

युरोपातील बातम्या अस्वस्थ करणाऱ्या होत्या. आई तिकडे एकटी होती. जानेवारी १९४३ मध्ये हंगेरीला परत जाऊन तरुणांच्या सुटकेची व्यवस्था करावी आणि आईलाही आणावे, हा विचार तिने दैनंदिनीत प्रथम नोंदवला. तो प्रत्यक्षात येण्याची संधी लवकरच चालून आली.

ब्रिटिश गणवेशातील स्वयंसेविका

शत्रूच्या प्रदेशात कोसळलेल्या दोस्त वैमानिकांना लपवून सुखरूप परत आणण्यासाठी ब्रिटिशांना पूर्व युरोपातील भाषा आणि वाटा जाणणारी माणसे हवी होती. पॅलेस्टाइनमधील ज्यू नेतृत्वाला नाझींच्या तावडीतील ज्यूंशी संपर्क साधण्यासाठी माणसे धाडायची होती. दोघांची गरज एकच असल्याने समझोता झाला. आधी ब्रिटिशांचे काम, नंतर ज्यूंचे, असा क्रम ठरला. सुमारे २५० स्वयंसेवक पुढे आले, त्यांपैकी ११० जणांना प्रशिक्षण मिळाले आणि अखेरीस ३७ जणांची निवड झाली. हे जवळजवळ सारे युरोपातून आलेले स्थलांतरित होते आणि सोडून आलेल्या भूमीकडेच त्यांना परतायचे होते.

हाना ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत सर्वांत खालच्या श्रेणीवर दाखल झाली. तिने हवाई छत्रीने उडी घेण्याचे शिक्षण घेतले आणि कैरो येथे बिनतारी संदेशयंत्र चालवण्याची कला आत्मसात केली. निघण्याच्या सुमारास एक विलक्षण योग आला. फ्रान्समधून स्पेनमार्गे सुटका करून घेतलेला तिचा भाऊ फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅलेस्टाइनला पोहोचला. कित्येक वर्षांनी भेटलेल्या या भावंडांना जेमतेम काही तास मिळाले. कामगिरी गुप्त असल्याने हानाला आपण कोठे निघालो आहोत हे त्याला मोकळेपणाने सांगता आले नाही.

मार्च १९४४ च्या मध्यावर हाना आणि तिचे सहकारी इटलीतून उडालेल्या विमानातून युगोस्लाव्हियात उतरले. मार्शल टिटो यांच्या गनिमांच्या मदतीने हंगेरीची सीमा ओलांडायची, अशी योजना होती. परंतु उडीनंतर अवघ्या पाच दिवसांनी, १९ मार्च १९४४ रोजी, जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतला. हंगेरी हे जर्मनीचेच मित्रराष्ट्र होते, पण त्याचे नेते दोस्तांशी गुप्त बोलणी करत असल्याचा सुगावा हिटलरला लागला होता. ही बातमी समजताच हाना रडू लागली, असे तिच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. तोवर हंगेरीतील ज्यूंचे हाल होत असले तरी बहुसंख्य जिवंत होते. आता आपण उशिरा पोहोचलो, हे तिने ओळखले.

तिची भीती खरी ठरली. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यूंना आगगाड्यांत कोंबून हलवण्यात आले. त्यांतील बहुतेकांना ऑशविट्झला नेण्यात आले आणि पोहोचल्याबरोबर त्यांतील बहुसंख्यांना विषारी वायूने मारण्यात आले. ही व्यवस्था ॲडॉल्फ आइखमान आणि त्याचे मोजके सहकारी पाहत होते. तरी माणसे गोळा करण्याचे आणि गाड्यांत भरण्याचे काम हंगेरियन पोलीस व प्रशासन यांनीच पार पाडले.

हाना तीन महिने गनिमांसोबत डोंगराळ भागात राहिली. आता सीमा ओलांडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असे तिचे सहकारी रूवेन दाफ्नी यांचे मत होते. लोक मरत असताना सुरक्षित जागी थांबणे तिला मान्य नव्हते. निरोपाच्या वेळी तिने दाफ्नी यांच्या हाती एक चिठ्ठी ठेवली. तीत चार ओळींची हिब्रू कविता होती. जळून जाताना इतरांत ज्योत चेतवणाऱ्या काडीवरची ती कविता पुढे तिची ओळख बनली.

पाच महिन्यांचा बंदिवास

जून १९४४ च्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हाना साध्या वेशात काही साथीदारांसह हंगेरीत शिरली. सीमेलगतच्या गावात हंगेरियन शिपायांनी साथीदारांना हटकले. त्यांपैकी एकाने घाबरून स्वतःवर गोळी झाडून घेतली. झडतीत संदेशयंत्राची श्रवणफिती सापडली आणि शोध सुरू झाला. लवकरच हाना आणि तिचे यंत्र दोन्ही हाती लागले. मायदेशाच्या भूमीवर तिला फारच थोडा मोकळा वेळ मिळाला.

तिला प्रथम सीमेजवळच्या गावी आणि नंतर बुडापेस्टला नेण्यात आले. तिला फटके मारण्यात आले, तिचा एक दात पाडण्यात आला. चौकशी करणाऱ्यांना हवी होती ती यंत्राची सांकेतिक लिपी. तिचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. नुसते यंत्र शत्रूच्या हाती पडले तर एक यंत्र गमावते. लिपीही पडली तर त्याच यंत्रावरून खोटे संदेश पाठवून नवी माणसे, शस्त्रे आणि विमाने सापळ्यात ओढता येतात. फ्रान्स आणि हॉलंडमध्ये जर्मन हेरखात्याने हे तंत्र वापरून अनेक दोस्त हेरांचे बळी घेतले होते. लिपी सांगायची नाही, हाच हानाचा बंदिवासातील खरा लढा होता.

अधिकाऱ्यांनी मग वेगळे हत्यार उपसले. १७ जून १९४४ रोजी कातालिन यांना घरातून लष्करी कार्यालयात आणले गेले. मुलगी कोठे आहे, असे विचारले तेव्हा त्यांनी निःशंकपणे पॅलेस्टाइनचे नाव घेतले. काही क्षणांत दार उघडले आणि विस्कटलेल्या केसांची, चेहऱ्यावर माराच्या खुणा असलेली हाना समोर उभी राहिली. सुमारे पाच वर्षांनी झालेली ही मायलेकींची भेट. हानाने आईला मिठी मारून क्षमा मागितली. लिपी सांगितली नाही तर आईला डोळ्यांदेखत मारू, अशी धमकी तिला देण्यात आली. तरीही तिने ती सांगितली नाही. आपल्या वागण्याचे कारण नंतर कळले, तेव्हा आईने तिला दोष दिला नाही. कातालिन यांना त्याच दिवशी गेस्टापोने अटक केली.

त्यानंतर सुमारे तीन महिने मायलेकी एकाच तुरुंगात, वेगवेगळ्या मजल्यांवर होत्या. कातालिन यांनी पुढे लिहिलेल्या आठवणी आणि सहकैदी योएल पाल्गी यांचे वृत्तांत यांतून या दिवसांचे चित्र मिळते. हाना एकांतकोठडीत होती. कोठडीतील सामान एकावर एक रचून ती उंच खिडकीपर्यंत चढे आणि कागदातून कापलेली मोठी अक्षरे एकेक करून काचेशी धरी. समोरच्या खिडक्यांतील कैदी ती जुळवून निरोप वाचत. अंगणातील फेरीत आईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ती निरनिराळ्या युक्त्या योजत असे. हाती लागेल त्या कागद-चिंध्यांतून बाहुल्या बनवून ती आईला आणि तुरुंगातील मुलांना पाठवी. तिचा २३ वा वाढदिवस १७ जुलैला याच भिंतींआड झाला.

पाल्गी आणि पेरेत्झ गोल्डस्टाइन हे तिचे सहकारीही याच सुमारास बुडापेस्टला पोहोचून पकडले गेले होते. पुढे हलवले जात असताना पाल्गी यांनी आगगाडीतून उडी टाकून सुटका करून घेतली. गोल्डस्टाइन जर्मनीतील छळछावणीतून परतले नाहीत.

निकालाविना शिक्षा

सप्टेंबरमध्ये हानाला हंगेरियन लष्कराच्या ताब्यात देण्यात आले. कातालिन यांची पुढे सुटका झाली आणि त्या मुलीसाठी वकील मिळवण्याच्या धडपडीला लागल्या. बाहेर परिस्थिती झपाट्याने बदलत होती. १५ ऑक्टोबर १९४४ रोजी हंगेरीचे राज्यप्रमुख मिक्लोश हॉर्टी यांनी सोव्हिएत संघाशी युद्धबंदी करत असल्याची घोषणा आकाशवाणीवरून केली. आता तुरुंगाचे दरवाजे उघडणार, अशी आशा कैद्यांना वाटली. परंतु त्याच दिवशी जर्मनांच्या पाठिंब्याने फेरेन्त्स सालाशी याच्या ॲरो क्रॉस या कडव्या पक्षाने सत्ता बळकावली आणि बुडापेस्टच्या रस्त्यांवर ज्यूंच्या हत्या सुरू झाल्या.

अशा वातावरणात २८ ऑक्टोबर रोजी लष्करी न्यायालयात हानाचा खटला उभा राहिला. आरोप होता देशद्रोहाचा. हानाने स्वतःची बाजू मांडली. देशाने आधी आपल्याला नाकारले, देशाशी खरा द्रोह तर त्याला या विनाशात लोटणाऱ्यांनीच केला, असा तिच्या निवेदनाचा आशय होता, असे समकालीन वृत्तांत सांगतात. न्यायाधीशांनी निकाल आठ दिवसांनी देण्याचे ठरवले. नंतर तो पुन्हा लांबणीवर पडला. सोव्हिएत सैन्य बुडापेस्टच्या वेशीजवळ आले होते. उद्याच्या विजेत्यांना काय उत्तर द्यायचे, हा विचार अनेक अधिकाऱ्यांच्या मनात होता.

७ नोव्हेंबरच्या सकाळी सिमोन नावाचा लष्करी अधिकारी हानाच्या कोठडीत आला. तुला मृत्युदंड ठोठावण्यात आला आहे, दयेचा अर्ज करायचा आहे का, असे त्याने विचारले. तिने अर्जास नकार दिला. तिला निरोपाची पत्रे लिहिण्यासाठी थोडा वेळ मिळाला. मारेकऱ्यांसमोर उभी राहिल्यावर डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यास तिने नकार दिला, असे सांगितले जाते. त्याच सकाळी कातालिन मुलीला भेटण्याच्या परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होत्या. अखेर त्या सिमोनपर्यंत पोहोचल्या, तेव्हा शिक्षेची अंमलबजावणी झाली आहे, असे त्याने त्यांना सांगितले. न्यायालयाने निकाल जाहीर केलाच नव्हता.

कायद्याचा प्रश्न

हानाला मारणे कायद्याला धरून होते का? १९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्यांना संरक्षण दिले होते आणि हाना ब्रिटिश सेवेत रीतसर नोंदलेली सैनिक होती. परंतु सीमा ओलांडताना तिच्या अंगावर गणवेश नव्हता. साध्या वेशात शत्रूच्या मागे शिरणाऱ्या सैनिकाला हेर मानण्याची मुभा युद्धाचे नियम देतात. शिवाय हंगेरीच्या दृष्टीने ती हंगेरियनच होती. ब्रिटन आणि हंगेरी यांच्यात डिसेंबर १९४१ पासून युद्धस्थिती असल्याने ब्रिटिश सेवेत शिरणारा हंगेरियन देशद्रोही ठरत होता. या बाजू मान्य केल्या, तरी १९०७ च्या हेग नियमावलीचे ३० वे कलम उरते. रंगेहाथ पकडलेल्या हेरालाही खटला चालवल्याशिवाय शिक्षा देता येत नाही, असे ते कलम सांगते. खटला सुरू करून निकालाआधीच आरोपीला मारणे म्हणजे खटला न चालवण्यासारखेच होय.

त्याहून मूलभूत प्रश्न नागरिकत्वाचा आहे. ज्या राज्याने कायदे करून आपल्या नागरिकांच्या एका गटाचे शिक्षण, व्यवसाय आणि विवाहाचे हक्क काढून घेतले आणि शेवटी त्यांना मरणाच्या गाड्यांत चढवले, त्या राज्याला त्याच गटातील व्यक्तीकडून निष्ठेची मागणी करता येते का? हंगेरीच्या लष्करी न्यायालयाने १९९३ मध्ये हानाला दोषमुक्त ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या उपस्थितीत, त्या निर्णयाची प्रत इस्रायलमधील तिच्या कुटुंबाच्या हाती देण्यात आली. १९९२ मध्ये निधन पावलेल्या कातालिन यांना मात्र तो दिवस दिसला नाही.

कामगिरीचे मोजमाप

हाना नेमके काय साध्य करू शकली? हाती यश मोजायचे तर उत्तर कठोर आहे. तिने एकही संदेश हंगेरीतून पाठवला नाही, एकाही वैमानिकाची सुटका केली नाही आणि गाड्या थांबवणे तर तिच्या शक्तीपलीकडचे होते. ३७ जणांपैकी १२ पकडले गेले आणि ७ परतले नाहीत. रोममध्ये जन्मलेले एन्झो सेरेनी डाखाऊच्या छळछावणीत मारले गेले. स्लोव्हाकियात परतलेली हाविवा राइक हिला नोव्हेंबर १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. लाखोंच्या संहारापुढे मूठभर स्वयंसेवक पाठवण्यात काय हशील होते, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे. दुसरीकडे, आपल्याला जग विसरलेले नाही, एवढी जाणीवही कोंडलेल्या माणसांना बळ देते, असे सुटून आलेल्या अनेकांनी म्हटले आहे. हानाच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद आहे. तिने लिपी दिली नाही आणि त्यामुळे तिच्या यंत्रावरून शत्रूला सापळा रचता आला नाही.

तिच्या मृत्यूचे पडसाद इस्रायलच्या राजकारणातही उमटले. बुडापेस्टच्या ज्यू मदत समितीतील एक प्रमुख रुडॉल्फ कास्टनर यांनी आपल्या मुलीला वाचवण्यासाठी काहीही केले नाही, अशी साक्ष कातालिन यांनी १९५४ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात दिली. आइखमानशी वाटाघाटी करून सुमारे १,७०० ज्यूंची सुटका घडवणाऱ्या कास्टनर यांच्यावर न्यायाधीशांनी १९५५ मध्ये कठोर ताशेरे ओढले. मार्च १९५७ मध्ये कास्टनर यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतच त्यांचा मृत्यू झाला. जानेवारी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील बहुतेक ठपका दूर केला. शत्रूशी बोलणी करून माणसे वाचवावीत की बोलण्यास नकार देऊन मरण पत्करावे, हा वाद त्या समाजात दीर्घकाळ धुमसत राहिला. हाना आणि कास्टनर ही त्या वादाची दोन टोके बनली.

स्मृती

नोव्हेंबर १९४४ मध्ये कातालिन यांना इतर हजारोंसह ऑस्ट्रियाच्या सीमेकडे पायी हाकलण्यात आले. वाटेतून निसटून त्या बुडापेस्टमध्ये लपून राहिल्या. जानेवारी १९४५ मध्ये पेस्टचा भाग सोव्हिएत सैन्याने मुक्त केला, तेव्हा शहरात एक लाखाहून अधिक ज्यू जिवंत होते. पुढे कातालिन पॅलेस्टाइनमध्ये मुलाकडे गेल्या. ज्या तुरुंगात हानाचा आवाज दाबला गेला, त्याच्या शेकडो मैल दूर तिच्या वह्या वसाहतीत सुखरूप होत्या. युद्धानंतर दैनंदिनी, पत्रे आणि कविता प्रसिद्ध झाल्या आणि अनेक भाषांत पोहोचल्या. डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटिशांची बंदी झुगारून स्थलांतरितांना घेऊन आलेल्या एका जहाजाला तिचे नाव देण्यात आले होते. ज्या ब्रिटिशांच्या गणवेशात ती लढली, त्यांचीच नाकेबंदी तिच्या नावाच्या जहाजाला चुकवावी लागली, हाही इतिहासाचा एक पेच.

बुडापेस्टच्या ज्यू दफनभूमीतून तिचे अवशेष १९५० मध्ये इस्रायलला नेण्यात आले आणि जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवरील सैनिकी दफनभूमीत त्यांचे पुन्हा दफन झाले. तेथे तिच्याभोवती तिचे छत्रीधारी सहकारी आहेत. देशासाठी मरण पावलेली वीरांगना म्हणून तिचा गौरव होतो, तेव्हा एक तपशील झाकोळला जाऊ नये. ती ज्यांच्यासाठी परतली ते तिच्या नव्या देशातील लोक नव्हते. ज्या गावांतून, शाळांतून आणि रस्त्यांतून ती गेली होती, तेथेच अडकून पडलेली ती माणसे होती आणि त्यांत तिची आईही होती. हंगेरीने तिच्यावर द्रोहाचा आरोप ठेवला. प्रत्यक्षात, राज्याने वाऱ्यावर सोडलेल्या हंगेरियन नागरिकांसाठी परतणाऱ्या मोजक्या हंगेरियनांपैकी ती एक होती.